पारंबीला टेकायला जमीन

वडाचे झाड जुने झाले असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय जुने झालेले असते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आंबा, चिंच किंवा साग यांच्या बाबतीत झाडाचे आयुष्य हे त्याच्या खोडाचे आयुष्य असते. खोड पोखरले किंवा वादळात मोडले की झाड बहुधा संपते. वडाला हा नियम तसाच लागू होत नाही. त्याच्या आडव्या फांद्यांतून जी मुळे हवेत लोंबू लागतात आणि ज्यांना मराठीत पारंब्या म्हणतात, त्यांपैकी एखादी जमिनीपर्यंत पोहोचून मातीत रुजली, की काही वर्षांत ती जाड होत होत फांदीला खालून टेकू देणारे आणि तिला स्वतंत्रपणे पाणी व क्षार पुरवणारे नवे खोड बनते. त्या टेकूच्या बळावर फांदी आणखी पुढे जाते, पुढे गेलेल्या फांदीतून पुन्हा पारंब्या सुटतात, आणि अशा रीतीने हे झाड वर जाण्यापेक्षा चहूबाजूंना चालत राहते. 'अमरकोशा'त वडाच्या नावांमध्ये 'बहुपाद', म्हणजे पुष्कळ पायांचा, हे नाव येते, आणि 'न्यग्रोध' या त्याहूनही प्राचीन नावाचा अर्थ खालच्या दिशेने वाढणारा असा लावला जातो. ज्यांनी ही नावे ठेवली, त्यांनी या झाडाचे मर्म त्याच्या उंचीत किंवा फळात न शोधता त्याच्या पायांत शोधले, आणि जुन्या वडांचा इतिहास पाहिला तर त्यांचे निरीक्षण अचूक होते असेच म्हणावे लागते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कोलकात्यासमोर हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्यातील शिबपूर येथे आहे. तेथील वनस्पती उद्यान कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी उभारले. आज ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. उद्यानातील महावटवृक्षाचे वय अडीचशे वर्षांहून अधिक मानले जाते, म्हणजे उद्यान आखले गेले तेव्हा झाड आधीच तेथे उभे होते. एका शिंदीच्या झाडाच्या शेंड्यात हा वड उगवला आणि त्या शिंदीखाली एक फकीर बसत असे, अशी आख्यायिका एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. १८६४ आणि १८६७ या दोन वर्षांतील चक्रीवादळांनी या झाडाच्या मोठ्या फांद्या मोडल्या, उघड्या पडलेल्या लाकडात बुरशी शिरली, ती हळूहळू मुख्य खोडापर्यंत पोहोचली, आणि अखेर १९२५ मध्ये सुमारे पंधरा मीटर घेराचे ते मूळ खोड कापून काढावे लागले. इतर बहुतेक झाडांच्या चरित्राचा हा शेवट ठरला असता. येथे मात्र त्यानंतरच्या शंभर वर्षांत झाड वाढतच राहिले. त्याच्याभोवती बांधलेला सुमारे ३३० मीटर लांबीचा गोलाकार रस्ता ओलांडून त्याच्या फांद्या बाहेर गेल्या, आणि आज साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांवर ते दीड हेक्टरांपेक्षा मोठ्या क्षेत्रावर पसरले आहे. दुरून पाहणाऱ्याला ते एक लहानसे वनच वाटते, आणि त्या वनाच्या मध्यभागी, जेथून सारे सुरू झाले तेथे, खोड नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेने हाच वृक्ष आपल्या बोधचिन्हात घेतला आहे.

शिंदीच्या झाडावर वड उगवल्याची आख्यायिका खरी असो वा नसो, ती वनस्पतिशास्त्राला धरून आहे. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि नांदुरकी ही सारी एकाच प्रजातीतील, म्हणजे शास्त्रीय भाषेत 'फायकस'मधील झाडे आहेत, आणि त्यांपैकी वड किंवा पिंपळ यांची बी बहुतेकदा जमिनीवर रुजत नाही. पक्ष्याने फळ खाल्ले, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा भिंतीच्या फटीत शीट टाकली, की त्यातील बी तेथेच अंकुरते आणि मुळे खाली सोडते. ती जमिनीला टेकेपर्यंत हे रोप आधाराच्या झाडावर केवळ बसलेले असते, त्याचा रस शोषत नाही. मुळांना माती मिळाल्यावर मात्र वाढीला वेग येतो आणि आधार देणारे झाड कालांतराने वेढले जाऊन मरते. म्हणजे वडाच्या जन्मातही निर्णायक क्षण तोच आहे, वरून आलेल्या मुळाला खाली जमीन सापडण्याचा.

वडाचे फळ म्हणून जे ओळखले जाते, ते शास्त्राच्या दृष्टीने फळ नसून एक पोकळ, मांसल पुष्पसमूह असतो, म्हणजे शेकडो सूक्ष्म फुले आतल्या बाजूला वळवून मिटून घेतलेली एक कुपी. फूल बाहेर दिसतच नसल्यामुळे वडाला फूल येत नाही असा समज सर्वत्र आढळतो. या कुपीच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून चिलटाहूनही लहान असा एक विशिष्ट जातीचा कीटक आत शिरतो. शिरताना मादीचे पंख बहुधा तुटतात, ती काही फुलांत अंडी घालते, इतरांवर बाहेरून आणलेले पराग टाकते आणि तेथेच मरते. तिच्या पिलांतील बिनपंखी नर आतूनच बोगदा कोरतात, आणि त्या वाटेने पंख असलेल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या वडाच्या शोधात बाहेर पडतात. वडाचा हा सोबती कीटक पिंपळाला किंवा उंबराला चालत नाही आणि त्यांचा वडाला चालत नाही. प्रत्येकाचा सोबती वेगळा. कीटकांची साखळी तुटू नये म्हणून एका परिसरातील सगळे वड एकाच वेळी फळत नाहीत, आणि त्यामुळेच रानात इतर फळांचा दुष्काळ असतानाही कोठेतरी एखादा वड लाल फळांनी भरलेला असतो. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तसेच तांबट, मैना, बुलबुल, कोकीळ, धनेश, खारी, माकडे आणि फलाहारी वटवाघळे यांची या झाडावर जी रोजची गर्दी असते तिचे कारण हे आहे. वडाला पवित्र मानण्याची परंपरा कशीही सुरू झालेली असो, तिने ज्या झाडाला संरक्षण दिले ते नेमके इतर अनेक जीवांच्या अन्नाचे मुख्य आधारस्थान निघाले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

वयाच्या बाबतीत मात्र सावधपणे बोलले पाहिजे. थंड प्रदेशातील झाडांच्या खोडात दरवर्षी एक स्पष्ट वलय उमटते आणि ती मोजून वय सांगता येते; वडाच्या लाकडात अशी भरवशाची वार्षिक वलये मिळत नाहीत, आणि अनेक जुन्या वडांचे मूळ खोडच शिल्लक नसल्यामुळे मोजण्याजोगे काही उरतही नाही. त्यामुळे चारशे, साडेपाचशे, सातशे अशी जी वये सांगितली जातात, ती लोकस्मृतीने ठरवलेली असतात. तरीही ती निरर्थक ठरत नाहीत, कारण एखादे गाव आपल्या वडाचे वय ज्या घटनेपासून मोजते, ती घटना त्या गावाला महत्त्वाची वाटते; परंतु तो आकडा वाचताना तो झाडाबद्दल जितका आहे तितकाच माणसांबद्दल आहे, हे विसरू नये.

आंध्र प्रदेशात कदिरी या गावाजवळील 'तिम्मम्मा मर्रिमानु' हे याचे ठळक उदाहरण आहे. तेलुगूत मर्री म्हणजे वड आणि मानु म्हणजे झाड. १९८९ मध्ये गिनेस विश्वविक्रमांच्या पुस्तकात जगातील सर्वांत विस्तीर्ण वृक्ष म्हणून त्याची नोंद झाली. त्याचा पर्णविस्तार सुमारे १९,१०७ चौरस मीटर, म्हणजे पावणेपाच एकरांच्या आसपास आहे. तिम्मम्मा ही स्त्री १४३४ मध्ये पतीच्या चितेवर सती गेली आणि त्या चितेच्या एका खांबाला पालवी फुटून हा वड झाला, अशी कथा तेथे सांगतात. झाडाखाली तिचे लहानसे मंदिर आहे, आणि अपत्य नसलेली जोडपी तेथे नवस करतात. सतीप्रथेचा गौरव करणारी ही कथा आजच्या वाचकाने डोळे उघडे ठेवूनच ऐकली पाहिजे, कारण झाडाच्या भव्यतेमुळे त्या प्रथेची क्रूरता कमी होत नाही. मात्र या श्रद्धेचा एक परिणाम असा झाला की झाडाची फांदी तोडण्यास परिसरातील कोणी धजावले नाही आणि पारंब्यांखालची पाच एकर जमीन नांगराखाली आली नाही. दुष्काळी मुलखात एवढी जमीन पिकाविना सोडणे ही लहान गोष्ट नव्हे.

गुजरातेत भरूचजवळ, शुक्लतीर्थासमोर नर्मदेच्या पात्रातील बेटावर असलेल्या 'कबीरवडा'ची कथा वेगळ्या वृत्तीची आहे. तत्त्वा आणि जीवा या दोन भावांनी खरा संत ओळखण्यासाठी अंगणात वाळलेली काडी रोवली आणि येणाऱ्या प्रत्येक साधूचे पाय धुतलेले पाणी तिला घातले. कबीराच्या चरणोदकाने तिला पालवी फुटली आणि तिचाच हा वड झाला, असे तेथील लोक मानतात. कंपनीच्या नोकरीत भरूचला राहिलेल्या जेम्स फोर्ब्ज या इंग्रजाने १८१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात या झाडाची साडेतीनशे मोठी आणि तीन हजारांहून अधिक लहान खोडे असल्याचे लिहिले, आणि सात हजार माणसे त्याच्या सावलीत विसावू शकतात असे म्हटले जाते हेही नोंदवले. नर्मदेच्या पुरांनी त्याचा बराच भाग त्यापूर्वीच खरवडून नेला होता, असेही तोच सांगतो. पुढे आधुनिक गुजराती साहित्याचा प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या कवी नर्मदाने याच वृक्षावर कविता लिहिली आणि कबीरवड गुजराती शाळकरी मुलांच्या पाठांतरात जाऊन बसला. नदीने जमीन काढून घेतली की वड मागे सरतो आणि गाळाने जमीन दिली की पुढे येतो. कबीरवडाचा आकार म्हणूनच नदीच्या मर्जीवर चालत आला आहे.

दक्षिणेतील आणखी दोन-तीन झाडांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरेसा आहे. बेंगळुरूच्या पश्चिमेस केतोहळ्ळी येथील 'दोड्ड आलद मर' सुमारे तीन एकरांवर पसरलेला असून त्याचेही मूळ खोड रोगाने गेले आहे, आणि चेन्नईतील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातील वडाचे, ज्याच्या सावलीत ॲनी बेझंट आणि जे. कृष्णमूर्ती यांची व्याख्याने झाली, मधले खोड गेल्या शतकाच्या अखेरीस वादळात उन्मळून पडले. तेलंगणातील महबूबनगरजवळच्या 'पिल्ललमर्री'ला २०१८ मध्ये वाळवी व पोखरणाऱ्या किडीने इतके ग्रासले की अधिकाऱ्यांनी रुग्णाला सलाईन लावावे त्याप्रमाणे बाटल्या टांगून फांद्यांत थेंबथेंब कीटकनाशक सोडले. त्या बाटल्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. पिल्ललमर्रीखाली एका मुस्लिम संताची कबर आहे, आणि येथे हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही धर्मांचे लोक येतात.

महाराष्ट्रात या तोडीची झाडे नाहीत असे मानण्याचे कारण नाही. ती प्रसिद्धीत कमी पडली, एवढेच. संगमनेर तालुक्यात पेमगिरी येथे, ज्या किल्ल्यावर शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालवारसाला गादीवर बसवून काही काळ त्या राज्याचा कारभार हाती घेतला, त्याच्या परिसरात कित्येक एकर व्यापणारा वड आहे, आणि त्याच्या पारंब्यांच्या दाटीत ग्रामदेवतांची ठाणी आहेत. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातील म्हसवे गावाजवळ, वैराटगडाच्या पायथ्याला असाच पसरलेला वड आहे. साताऱ्यातच गेंडामाळावरील 'फाशीचा वड' १८५७ च्या उठावात सामील होऊन देहदंड भोगलेल्यांची आठवण जागवतो. नाशिकच्या पंचवटीचे नाव तर पाच वडांवरूनच आले असे सांगतात, आणि सीतागुंफेजवळचे वड यात्रेकरूंना आजही दाखवले जातात. मात्र दुसरी परंपरा पंचवटी या शब्दाचा अर्थ वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक या पाच वृक्षांची लागवड असा करते.

अशा नावाजलेल्या झाडांपेक्षा मराठी माणसाच्या जीवनात गावोगावच्या निनावी वडांचे स्थान अधिक मोठे आहे. वडगाव, वडनेर, वडाळा अशी ग्रामनामे राज्यभर विखुरलेली आहेत, आणि गुजरातेतील वडोदऱ्याच्या नावाचा उगमही जुन्या लेखांतील वटपद्रक या रूपाशी जोडला जातो. झाडाभोवती दगडमातीचा जो चौथरा बांधतात त्याला पार म्हणतात; गावचा पार हे बसण्याचे, निवाड्याचे, वाटसरूच्या विसाव्याचे आणि कीर्तनाचे ठिकाण होते. पारंब्यांना लोंबकळत खेळायचा सूरपारंब्यांचा खेळ मुलांना झाडावर चढण्याचे धैर्य देई, वडाच्या पानांच्या पत्रावळींवर लग्नाच्या पंगती उठत, आणि वडाचा चीक भेगाळलेल्या टाचांना लावला जाई. वडाची साल पिंपळाला लावणे ही म्हणच मुळी या दोन झाडांशी रोजची ओळख असल्याखेरीज तयार झाली नसती. जुन्या पारांचे बांधकाम सुट्या दगडांचे, मातीने सांधलेले असे. पाणी त्यातून झिरपे, आणि पारंबीला खाली उतरायला जागा राहत असे. ही बाब किरकोळ वाटते, परंतु पुढे येणाऱ्या विवेचनात तिलाच सर्वाधिक महत्त्व आहे.

ग्रंथांतील वड पाहू लागल्यास प्रथम 'छांदोग्य उपनिषदा'तील संवाद समोर येतो. उद्दालक आरुणी आपल्या श्वेतकेतू या मुलाला वडाचे फळ आणून फोडायला सांगतो, मग त्यातले एक बी फोडायला सांगतो, आणि आत काय दिसते असे विचारतो. काहीच दिसत नाही असे मुलाने सांगितल्यावर, जे दिसत नाही त्या सूक्ष्म तत्त्वातूनच एवढा मोठा न्यग्रोध उभा राहिला आहे, असे पिता त्याला समजावतो. तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी निवडलेले उदाहरण चपखल आहे, कारण वडाचे बी खरोखरच मोहरीहूनही लहान असते. पुराणकथेत प्रलयाच्या जलात मार्कंडेय ऋषीला वडाच्या आश्रयाने पहुडलेले बालक दिसते आणि त्यातूनच वटपत्रावर झोपलेल्या बाळकृष्णाचे चित्र भारतभर रूढ झाले. दक्षिणेत शिवाचे दक्षिणामूर्ती हे गुरुरूप वडाखाली बसूनच मौनाने उपदेश करते. जैन परंपरेनुसार पहिले तीर्थंकर ऋषभनाथ यांना वडाखाली केवलज्ञान झाले, तर बौद्ध परंपरेत गौतमापूर्वीच्या काश्यप बुद्धाचा बोधिवृक्ष न्यग्रोध आहे आणि स्वतः गौतम बुद्ध बोधीनंतर काही काळ अजपाल नावाच्या, म्हणजे शेळ्या राखणाऱ्यांच्या, वडाखाली बसले होते असे पाली ग्रंथ सांगतात. एकाच झाडाने इतक्या परंपरांना बसायला जागा दिल्याचे दुसरे उदाहरण पिंपळाखेरीज सापडणे कठीण आहे.

प्रयागच्या किल्ल्यातील अक्षयवट हा प्रलयातही नाश न पावणारा वृक्ष मानला जातो. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी यात्रेकरूने प्रयागच्या देवळासमोरील विशाल वृक्षाचे आणि त्यावरून उडी घेऊन प्राण देणाऱ्या भाविकांचे वर्णन केले आहे. पुढे अकबराने संगमावर किल्ला बांधला आणि वृक्ष तटाच्या आत गेला; दीर्घ काळ सर्वसामान्यांना त्याचे दर्शन सहजी होत नसे, ते २०१९ च्या जानेवारीत खुले झाले. गयेतही अक्षयवट आहे आणि तेथील श्राद्धविधीची सांगता त्याच्याजवळ होते. न मरणारा वृक्ष ही कल्पना कविकल्पना म्हणून सोडून देता येईल, परंतु मूळ खोड गेल्यावरही शंभर वर्षे वाढणारा शिबपूरचा वड पाहिल्यावर ती कल्पना ज्यांना सुचली त्यांनी असेच काही तरी पाहिले असावे, असे मानणे अधिक योग्य वाटते.

या सगळ्यांहून वेगळा आणि अधिक व्यवहारी उल्लेख अशोकाचा आहे. दिल्लीला असलेल्या त्याच्या सातव्या स्तंभलेखात, माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया लावल्या आणि विहिरी खोदल्या असे तो सांगतो. वडाचा उल्लेख येथे देव म्हणून नाही, सोय म्हणून आहे. भारतातील रस्त्याकडेच्या वडांच्या परंपरेचा हा सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा होय. अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांनाही हे झाड अद्भुत वाटले होते: फांद्यांतून मुळे सोडणाऱ्या भारतीय अंजिराचे वर्णन थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिज्ञाने केले, आणि अशा एका झाडाच्या सावलीत पन्नास घोडेस्वार दुपार काढू शकतात असे एकाने, तर चारशे असे दुसऱ्याने सांगितल्याचे स्ट्रेबो नमूद करतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपीय प्रवाशांनी इराणच्या आखातावरील बंदरात गुजराती वाण्यांना अशा झाडाखाली व्यापार व पूजा करताना पाहिले आणि वाण्यांचे झाड या अर्थाने त्याला 'बनियन' म्हणू लागले. व्यापारी आणि वड यांचे नाते मुंबईतही दिसते: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाऊन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाखाली जमणाऱ्या दलालांतूनच १८७५ मध्ये रीतसर संघटना झाली आणि तिचा पुढे मुंबई शेअर बाजार बनला.

ज्येष्ठ पौर्णिमेची वटपौर्णिमा हा मराठी घरांतील वडाचा सर्वांत परिचित प्रसंग आहे. उत्तर भारतात हेच व्रत ज्येष्ठातील अमावास्येला करतात. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेयाने युधिष्ठिराला सांगितलेल्या सावित्रीच्या आख्यानाचे बळ तिच्या वादकौशल्यात आहे, यमाला शब्दाशब्दाने बांधून घेणाऱ्या तिच्या बुद्धीत आहे. वडाला सूत गुंडाळण्याचा विधी त्या कथेला व्रतांच्या परंपरेने जोडला. आंबा, फणसाचे गरे, हळदकुंकू आणि वाण यांसह वडाभोवती फेऱ्या घालणाऱ्या स्त्रियांमुळे कित्येक गावांतील वड कुऱ्हाडीपासून वाचले, हे नि:संशय आहे. शहरांत मात्र याच दिवसासाठी वडाच्या फांद्या तोडून त्या बाजारात विकल्या जातात आणि घरी कुंडीत खोचून पुजल्या जातात. ज्या झाडाने दीर्घायुष्य द्यावे अशी प्रार्थना करायची, त्याच्याच फांद्या त्या प्रार्थनेसाठी तोडाव्यात, ही विसंगती अनेक मराठी घरांत आता बोलून दाखवली जाते, आणि जवळच्या जिवंत झाडापाशी जाण्याचा किंवा त्या दिवशी वडाचे रोप लावण्याचा पर्याय स्वीकारला जात आहे. तो रूढ होणे अत्यंत गरजेचे आहे.

तथापि फांद्यांच्या विक्रीपेक्षा मोठे संकट जमिनीचे आहे. रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या वाहनांना अडतात म्हणून हातभर लांबीच्या असतानाच छाटल्या जातात. पाराची माती काढून तेथे सिमेंटचा किंवा फरशीचा कट्टा होतो. खोडाला खेटून डांबर येते, आणि एका बाजूची मुळे गटारासाठी किंवा रुंदीकरणासाठी तोडली जातात. असे झाड अनेक वर्षे हिरवेगार दिसते. प्रत्यक्षात त्याच्या लांबत जाणाऱ्या जड फांद्यांना टेकू मिळालेला नसतो, सारा भार एकट्या म्हाताऱ्या खोडावर असतो, आणि एखाद्या वळिवात ते कोसळले की लोक वाऱ्याला दोष देतात. पारंब्या छाटलेला वड म्हणजे पाय काढून घेतलेला बहुपाद. त्याला वय वाढते पण आधार वाढत नाही.

सांगली जिल्ह्यातील भोसे येथील वडाची हकिगत या दृष्टीने मनाला लागणारी आहे. यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळील, चारशे वर्षांचा मानला जाणारा हा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात जाणार होता. २०२० मध्ये पर्यावरणप्रेमी आणि ग्रामस्थांनी त्याच्यासाठी आवाज उठवला, समाजमाध्यमांवर त्याची छायाचित्रे फिरली, आणि महामार्गाचा आराखडा बदलून झाड वाचवण्याचा निर्णय झाला. एका झाडासाठी महामार्ग वाकला, ही महाराष्ट्रातील असामान्य घटना होती. पुढे २०२२ च्या जून महिन्यात पावसात ते झाड कोसळले. हैदराबादहून चेवेल्ला, विकाराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरील सुमारे नऊशे वडांच्या रक्षणासाठी तेथील नागरिकांनी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत लढा दिला, आणि त्यातून हे स्पष्ट झाले की झाड न तोडणे आणि झाडाला जगण्यापुरती जागा ठेवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात बदल करून पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष ही संज्ञा दिली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र ती खोडाचा विचार करते, आणि वडाच्या बाबतीत संरक्षण द्यायचे ते खोडाइतकेच फांद्यांच्या छायेखालील मोकळ्या मातीला, हे अजून कायद्याच्या भाषेत उतरायचे आहे.

पारंबीला जमिनीपर्यंत नेण्याची विद्या अवघड नाही. हवाई बेटांतील लहैना या गावी १८७३ मध्ये भारतातून आणलेले आठ फुटी रोप लावले गेले. त्याच्या पारंब्या हव्या त्या ठिकाणी उतराव्यात म्हणून तेथील जपानी माळ्यांनी त्यांच्या टोकांशी पाण्याने भरलेल्या काचेच्या बरण्या टांगल्या होत्या असे सांगतात, आणि त्यातून झालेला अनेक खोडांचा वड २०२३ च्या भीषण आगीत होरपळूनही काही आठवड्यांत पुन्हा पानांवर आला. शिबपूरला २०२० च्या मे महिन्यात 'अम्फान' चक्रीवादळाने महावटवृक्षाची पुन्हा मोठी हानी केली. तेथे वापरली जाणारी रीत जुनीच आहे: ज्या फांदीला आधार हवा तिची कोवळी पारंबी पोकळ बांबूत सोडून, तिला सरळ खाली वळवून, बांबूचे टोक मातीत रोवतात, जेणेकरून वाटेत ती सुकू नये, गुरांनी खाऊ नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने ओढू नये. तिची मुळे मातीत शिरून ती जाड होऊ लागली, की बांबूचे काम संपते.